राणी मरते तेव्हाचा चहा

चित्रकार या प्राण्याबद्दल कवळीवाल्याचं मत कधी बदललं नाही. हातात ब्रश आला की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळं माफ आहे. तो स्वतः कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि हा आपल्या खोलीत बसून प्लास्टर ओते, मेण चढवी, एकेक दात बसवी. कवळी केसभर चुकली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सोललेली हिरडी घेऊन दारात उभं. चित्र हातभर चुकलं तर लोक म्हणतात, वा, काय नजर आहे! असल्या कामाला काम म्हणायला त्याची जीभ वळत नसे.

आणि त्याचा धाकटा मेव्हणा नेमका चित्रकार निघाला होता.

बायको गेल्यापासून त्याने मेव्हण्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पाहायची इच्छाही नव्हती. म्हणून एके सकाळी मेव्हणा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याने मान वर केली नाही. हातातल्या कवळीला पॉलिश करत राहिला.

"भाऊजी, आत येऊ का?"

"आलायस ना आत? मग आता परवानगी कशाची?"

मेव्हणा स्टुलावर बसायला गेला, पण स्टुलावर प्लास्टरची पिशवी होती. कवळीवाल्याने ती उचलली नाही. मेव्हणा उभाच राहिला. समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते, तेही त्याच्याकडेच बघत होते.

"प्रदर्शन आहे एक," तो म्हणाला. "ताईच्या नाटकावरच्या चित्रांचं. जुनी, नवी, सगळी. शेवटची खोली माझी आहे."

"खोली पुरते तुला? मला वाटलं गोदाम लागेल."

"भाऊजी."

"बोल, बोल."

"शेवटच्या भिंतीवर एकच चित्र लावायचंय. राणीचा मृत्यू. राणी म्हणजे ताईच. तेव्हा हॉस्पिटलात रेखाटनं केली होती ना, त्यावरून."

कवळीवाल्याने पॉलिशचं मशीन बंद केलं.

"म्हणजे तू ती फाडली नाहीस."

"नाही."

"मी तुला फाड म्हणून सांगितलं होतं. नर्ससमोर सांगितलं होतं."

"अख्ख्या मजल्यासमोर सांगितलं होतं," मेव्हणा म्हणाला. "तरी नाही फाडली. पण तुम्ही बघितल्याशिवाय चित्र लावणार नाही. या एकदा. बघून नाही म्हणालात तर भिंतीकडे तोंड करून ठेवीन. कुणाला दाखवणार नाही. शब्द देतो."

"मी न बघताच नाही म्हणतो."

"बघून म्हणा. तेवढं तिच्यासाठी करा."

"तिच्यासाठी काय करायचं ते तू शिकवणार मला? बहीण शेवटच्या घटका मोजत होती आणि भाऊ पेन्सिलीला टोक काढत बसला होता. उद्या मीही मरीन, तेव्हा येशील वही घेऊन?"

"तुम्ही स्थिर बसणार नाही," मेव्हणा म्हणाला आणि निघून गेला. जाताना दार हळूच लावून गेला. हेही कवळीवाल्याला आवडलं नाही. आपटून गेला असता तर बरं वाटलं असतं.

* * *

ते नाटक फार जुनं. इतकं जुनं की लिहिणारा दिसायला कसा होता तेही कुणाला माहीत नाही. तरी त्याचे पुतळे आहेत, आणि एका पुतळ्याचं नाक दुसऱ्याशी जुळत नाही. गोष्ट तशी साधी. राजा लढाईवर गेलेला. शत्रूकडचा एक जखमी पोरगा वेशीबाहेर पाण्यासाठी तळमळतो आणि राणी दार उघडते. राजा परत येतो, भरल्या सभेत तिच्यावर फितुरीचा आळ घेतो. राणी एक शब्द बोलत नाही. आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. बराच वेळ काहीच होत नाही. मग दासी बाहेर येते, हातात राणीचा मुकुट असतो, आणि ती सांगते की राणी विष पिऊन गेली. कशी गेली, काय म्हणाली, चेहरा कसा होता, सगळं सांगते. ते लांबलचक भाषण ऐकून लोक ढसाढसा रडतात.

म्हणजे राणी मरताना कुणालाच दिसत नाही. लिहिणाऱ्याने तिला दाराआड मारली आहे. एवढं सरळ लिहून ठेवलेलं असताना जो उठतो तो चित्रकार नेमकं तेच काढतो, हे कवळीवाल्याला कधी समजलं नाही. वेशीशी उभी असलेली राणी नको, सभेतली राणी नको, मेलेलीच हवी. कुणी तिला फुलांत निजवली होती. कुणी खिडकीतून चांदणं सोडलं होतं. एकाने पलंगाशी कुत्रा काढला होता. नाटकात कुत्रा नाही. आधीही नाही आणि नंतरही नाही. पण त्या कुत्र्याच्या डोळ्यांतल्या दुःखावर कुणीतरी पान भरून लिहिलं होतं. ते कात्रण त्याच्या बायकोने हसत हसत आरशाला चिकटवून ठेवलं होतं. मेलेली राणी पुढे कॅलेंडरवर आली, बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर आली, एका साबणाच्या वेष्टनावरही आली. साबणवाल्यांनी मेलेली बाई का निवडली, देव जाणे.

कवळीवाल्याची बायको ती राणी करायची. तरुणपणी करायला लागली आणि केस पांढरे झाल्यावर टोप घालून करत राहिली. कंपनीत सगळे तिला राणीच म्हणत, आणि तिच्या नवऱ्याला कवळीवाला. प्रत्येक प्रयोगाला तो जायचा. नाटक बघायला नव्हे. नाटक त्याने एकदाच धड बघितलं, आणि राजाच्या तोंडाला तिरकी कवळी बसवली आहे एवढंच त्याच्या लक्षात राहिलं. तो जायचा ते दारामागे बसायला.

रंगमंचावरच्या त्या दारामागे एक लाकडी खोका होता. राणी दार लावून आत आली की तिला बाहेर काही काम नसे. दासीचं भाषण संपेपर्यंत तिचा वेळ तिचा. ती खोक्यावर बसे, मुकुट दासीच्या हातात देई, जोडे काढून पाय नवऱ्याच्या मांडीवर टाकी. तो थर्मासमधला चहा बशीत ओते. बाहेर लोक तिच्या मरणावर रडत आणि आत ती बशी तोंडाला लावून फुर्रकन चहा पीत असे, आवाज होऊ नये म्हणून डोळे मोठे करत. राणी मरते तेव्हाचा चहा, असं ती त्याला म्हणे. दुसरा कुठला चहा तिला तसा लागत नसे.

एकच गोष्ट तिला आयुष्यभर सलत होती.

"लिहिणाऱ्या मेल्याने सगळं मला दिलं, आणि मरण तेवढं दासीला दिलं!" ती कुजबुजत असे. बाहेर दासी रंगात आलेली असायची. "ऐका, ऐका कशी रडतेय. तोंडातला अर्धा शब्द खातेय. अहो, मला एकदा मरू दिलं असतं ना लोकांसमोर, तर एक माणूस खुर्चीत राहिला नसता."

"उठून घरी गेला असता."

"जळो तुमची जीभ. बघा, असं पडायचं." आणि ती खोक्यावर जमेल तेवढी आडवी होई. एक हात खाली सोडी, बोटं जमिनीपासून जराशी वर. हनुवटी वर, चेहरा उजेडाकडे.

"मेलेल्या माणसाची हनुवटी अशी वर नसते," तो म्हणे.

"माझी असेल. खाली केली की दोन दिसतात."

हे दोघांचं नेहमीचं होतं. पाठ झालेल्या भाषणासारखं.

आता मेव्हणा. त्याची गोष्ट अशी की समोर माणूस असल्याशिवाय त्याला चित्र काढता येत नसे. मनाने काही काढायचं म्हटलं की त्याचा हात आखडे. साधी वाटी काढायची तर वाटी समोर हवी, आणि तीही हलता कामा नये. त्याने नाव मिळवलं ते त्या नाटकावरच्या चित्रांनी, आणि सगळ्या चित्रांत बहीणच. वेशीशी राणी, सभेत राणी, आरशापुढे राणी. ती त्याच्यासाठी तासन्‌तास उभी राही, पाठ दुखली तरी. फक्त मरण त्याने काढलं नव्हतं. काढणार कसं? ते त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

म्हणूनच तो टपून बसला होता, असं कवळीवाल्याचं म्हणणं. गिधाड तरी पोटासाठी बसतं.

* * *

हॉस्पिटलात झालं ते असं. बायको अंगाने अर्धी झाली होती. तोंडही आक्रसलं होतं, त्यामुळे त्याने स्वतः केलेली तिची कवळी सैल पडली होती. तिला कवळी आहे हे नवरा आणि लेक सोडून कुणालाच माहीत नव्हतं, सख्ख्या भावालासुद्धा नाही. राणीला खोटे दात, हे बाहेर कळता कामा नये, असा तिचा हुकूम होता. कवळी उशाशी डबीत पडून असायची. कुणी भेटायला आलं की ती चादर नाकापर्यंत ओढून घेई आणि थंडी वाजतेय म्हणे.

एका दुपारी तिने त्याला हाताने जवळ बोलावलं.

"दात द्या."

त्याला वाटलं, खायचं मन झालं. किती दिवसांत तिने काही चावलं नव्हतं. कवळी धुऊन त्याने तिच्या तोंडात बसवली, थोडी पावडर लावून, निसटू नये म्हणून.

"काय आणू?"

"सूप. खालचं नको. कोपऱ्यावरच्या दुकानातलं."

तो जवळजवळ पळतच गेला. दुकानात गर्दी होती. परत आला तर खाटेजवळ मेव्हणा बसलेला, मांडीवर वही, आणि पेन्सिल कागदावर खसाखसा चाललेली. बायको डोळे मिटून पडली होती. कवळीवाल्याने तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्याला फक्त वही दिसली. सूप हातातच राहिलं. त्याने मेव्हण्याला दंडाला धरून बाहेर काढला आणि कॉरिडॉरमध्ये त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ज्यांत आपल्या बायकोच्याही सात पिढ्या येतात हे त्याच्या ध्यानात आलं नाही. नर्सने दोघांना हाकललं.

तो आत परतला तेव्हा बायको जागी होती. कवळी काढून डबीत ठेवलेली होती. सूप तिने घेतलं नाही. नुसतीच त्याच्याकडे बघून म्हणाली, "किती ओरडता हो."

चार-सहा दिवसांनी ती गेली.

* * *

संध्याकाळी लेक डबा घेऊन आली. आल्या आल्या तिने बापाचा चेहरा पाहिला आणि डबा जरा जोरातच ठेवला.

"मामा आला होता ना?"

"आला होता. गेला."

"बाबा, एकदा बघून या. किती दिवस हे असं चालायचं?"

"काय बघू? तुझ्या आईचं मरण? ते मी बघितलंय. तिकीट न काढता."

"मामाने चोरी नाही केली हो."

"मग काय केलं? माणूस झोपलाय, शुद्ध नाही, हो-नाही म्हणायची ताकद नाही, आणि हा त्याचं तोंड उचलून नेतो. आता ते भिंतीवर टांगणार, खाली दिवा लावणार. लोक हातात सरबताचे ग्लास घेऊन येणार आणि म्हणणार, अहाहा, काय मेलीय!"

लेकीने डब्याचं झाकण उघडून त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "नाही म्हणायचंय ना? मग जाऊन तोंडावर म्हणा. तो शब्द पाळेल. नाहीतर प्रदर्शन लागेल, आणि तुम्ही इथे बसून जबड्यांना शिव्या देत राहाल."

हे मात्र खरं होतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. निघताना मेण कापायची सुरी खिशात टाकली. मेव्हण्याच्या शब्दावर त्याचा तेवढाच विश्वास होता.

मेव्हण्याचा स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या वरचा मोठा हॉल. जिन्यात शाईचा वास, वर टर्पेंटाइनचा. खिडकीच्या काचा धुतलेल्या नाहीत, कोपऱ्यात कपांत वाळलेल्या चहाचे गोल. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई तिथेच होत्या, गळ्यात मोठाले मणी, बोलताना डोळे मिटायची सवय. मेव्हण्याने ओळख करून दिली.

"तुम्ही राणींचे यजमान! केवढं भाग्य तुमचं," बाई म्हणाल्या. "आमच्या प्रदर्शनाचं सूत्रच ते आहे. नाटक जिथे दार लावून घेतं, तिथे चित्रकार दार उघडतो."

"दार वाजवून उघडावं माणसाने," कवळीवाला म्हणाला.

बाईंनी डोळे उघडले. मेव्हणा घाईने म्हणाला, "बाई, तुम्ही खाली जरा कॅटलॉगचं बघता का?" बाई गेल्या.

चित्र भिंतीशी टेकवून ठेवलेलं होतं, वर चादर. मेव्हण्याने आधी रेखाटनं टेबलावर मांडली आणि मग चादर काढली. स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठ करून.

कवळीवाला "नाही" हा शब्द तोंडात तयार ठेवूनच आला होता. चित्र मोठं होतं. पांढरी खाट, राखाडी भिंत, एका बाजूने उजेड. फुलं नव्हती, चांदणं नव्हतं, कुत्राही नव्हता. त्या पडलेल्या बाईकडे त्याने पाहिलं. तीच होती. बोटांवरच्या शिरा तिच्या. कानामागचा तीळ तिचा. हा नालायक माणूस वाटी समोर असली की वाटी बरोबर काढतो, हे त्याला मान्य करावं लागलं आणि त्यामुळे राग आणखी वाढला. हात खिशात सुरीवर गेला.

मग धंद्याच्या सवयीने त्याची नजर तोंडावर गेली. समोर कुणीही असलं तरी त्याची नजर आधी तोंडावरच जायची.

ओठ भरलेले होते.

तो पुढे झाला. पार नाक लागेल एवढा जवळ गेला. मग टेबलाशी येऊन रेखाटनं बघितली. एक, दुसरं, तिसरं. सगळ्यांत वरचा ओठ नीट उचललेला, गाल बसलेले नाहीत, जबड्याच्या कोपऱ्याशी एक बारीक उंचवटा. मेव्हण्याला तो काय आहे ते कळलेलं नव्हतं. दिसला म्हणून त्याने काढला होता.

"ही तू झोपेत काढलीस?"

"हो. मी आलो, दोन शब्द बोलली, आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला."

"आलास कसा? त्या दिवशी तुझा यायचा दिवस नव्हता."

मेव्हणा वळला. "तिनेच सकाळी फोन केला होता. नर्सच्या फोनवरून. ये म्हणाली, वही घेऊन ये."

"हे तेव्हा सांगितलं नाहीस मला."

"तुम्ही बोलू दिलंत का? आणि सांगितलं असतं तर म्हणाला असतात, मरायला टेकलेल्या बहिणीच्या नावावर खोटं बोलतो."

तसंच म्हणालो असतो, हे कवळीवाल्याला ठाऊक होतं. तो खुर्ची ओढून खाली बसला. सैल झालेली कवळी. माणसाला झोप लागली की जबडा सुटतो, आणि जबडा सुटला की तसली कवळी घसरते. तोंड वाकडं होतं, ओठ आत जातो. पावडर कितीही लावा. ती जागेवर ठेवायची तर एकच उपाय, दात आवळून धरायचे. तो जबड्याचा उंचवटा म्हणजे तेच होतं. ती दात आवळून पडली होती. आणि त्याने पुन्हा चित्राकडे पाहिलं तर एक हात खाटेबाहेर, बोटं जमिनीपासून जराशी वर. हनुवटी वर. चेहरा उजेडाकडे.

दात द्या, म्हणाली होती. आणि त्याला पिटाळलं होतं कोपऱ्यावरच्या सुपाला.

त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. मेव्हण्याला वाटलं, भाऊजी रडतायत. तो धावत आला. कवळीवाला हसत होता. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होता.

"भाऊजी? काय झालं? पाणी देऊ?"

"गाढवा," तो म्हणाला, "ती जागी होती."

"काय?"

"जागी होती. तुला मरून दाखवत होती. हा हात बघ. असा हात टाकून कोण झोपतं? पाच मिनिटांत मुंग्या येतील. ही हनुवटी बघ. आयुष्यभर कुरकुरत होती ना, मला मरू दिलं नाही म्हणून? मेली एकदाची. तुझ्यासमोर मेली, माझी खुर्ची रिकामी ठेवून, कारण मी म्हणालो असतो की हनुवटी खाली घे." त्याने डोळे पुसले. मग खोट्या दातांचंही सांगून टाकलं. आता राणी रागावणार नव्हती.

मेव्हण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रेखाटनं उचलून तो खिडकीशी घेऊन गेला, एकेक करून उजेडात धरली.

"म्हणजे... हे मरण नाही."

"नाटक आहे. आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच केलंय. तिला नेहमी शेवटी जास्त करायची सवय होती."

"मला वाटलं, मी पहिल्यांदा काहीतरी खरं काढलं," मेव्हणा हळूच म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीचा वाटला. "इतकी वर्षं तिचे मेकअप रंगवले, मुखवटे रंगवले. म्हटलं, हे एक खरं आहे. आणि तेही..." त्याने चादर उचलली. "नाही लावणार मी. तुम्हाला नकोच होतं. झालं तुमच्या मनासारखं."

"चादर ठेव खाली."

"नको, भाऊजी. खोटं आहे ते."

"ठेव म्हणतो ना! चित्रकार म्हणे. एवढी अक्कल नाही? तू मरण काढलंस तेव्हा मी तुझं डोकं फोडायला निघालो होतो. बघ, सुरी आणलीय." त्याने खरंच सुरी टेबलावर ठेवली. मेव्हणा दचकून मागे सरला. "आता ते मरण नाही, भूमिका आहे. सैल कवळी आवळून, पाठीत कळा येत असताना, न हलता पडून राहिली ती. तू किती वेळ काढत होतास?"

"बराच वेळ."

"मग? एवढी मेहनत केली बाईने आणि तू तिला चादरीखाली घालणार? तिला प्रेक्षक हवे होते. आण प्रेक्षक. आण त्या मणीवाल्या बाईला, आण सरबतवाले. टांग भिंतीवर."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही. रडू दे त्यांना. तेवढ्यासाठीच तर मेलीय ती."

* * *

प्रदर्शन उघडलं त्या संध्याकाळी कवळीवाला इस्त्रीचा शर्ट घालून गेला. लेक बरोबर होती, बापाने तमाशा करू नये म्हणून दंडाला धरून. पहिल्या खोल्यांत जुनी चित्रं होती. फुलांतली राणी, चांदण्यातली राणी, तो कुत्रा. कुत्र्यासमोर तो मुद्दाम थांबला. सगळ्या मेलेल्या राण्यांची तोंडं त्याने एका नजरेत तपासली आणि एकीलाही जबडा नीट नाही असा निकाल दिला.

शेवटच्या खोलीत गर्दी होती. चित्राखाली खरोखरच दिवा लावला होता. एक गृहस्थ रुमाल काढून चष्मा पुसत होते. एक बाई मैत्रिणीला म्हणत होती, "बघ ना, किती खरं आहे. इथे अभिनय संपतो." तिला काय उत्तर द्यावं हे कवळीवाल्याच्या जिभेच्या टोकावर आलं, पण लेकीने दंड दाबला. आणि तसंही, बायकोला आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती. त्याने ती तिच्या वतीने गप्प राहून घेतली. दासीचं भाषण म्हणे. एक शब्द न बोलता हिने रुमाल काढायला लावले होते.

मणीवाल्या बाई भाषणाला उभ्या राहिल्या. डोळे मिटले. "नाटक जिथे दार लावून घेतं," त्यांनी सुरुवात केली.

एक दार मात्र कुणी उघडलं नव्हतं. ती गेली ती सकाळची वेळ होती, लेक आंघोळीला घरी गेली होती. दात डबीत होते. तोंड आत गेलेलं, हनुवटी छातीवर, दोन नव्हे तीन दिसत होत्या. उजेड पाठीमागे. चहा, असं ती म्हणाली, किंवा त्याला तसं ऐकू आलं. त्याने थर्मासमधला बशीत ओतून ओठाला लावला. एक घोट गेला, दुसरा बाहेर आला. पाय त्याच्या मांडीवर होते. बराच वेळ काहीच झालं नाही. ते चित्रात काढण्यासारखं नव्हतं, आणि काढायला तिथे कुणी नव्हतं. मेव्हण्याला नाही, लेकीलाही नाही, कुणालाच त्याने ते कधी सांगितलं नाही.

"बाबा, कुठे चाललात?"

"इथेच. मागे."

शेवटच्या भिंतीमागे लाकडी फळ्यांचा आडोसा होता. तिथे रिकामी खोकी, गुंडाळलेल्या दोऱ्या, आणि पाहुण्यांसाठीचा चहाचा मोठा डबा. चहावाला पुढे ट्रे घेऊन गेला होता. कवळीवाल्याने स्वतःच कप भरला. बशी शोधली. एक खोकं ओढून त्यावर बसला, नेमका त्या चित्राच्या पाठीमागे. भिंतीतून बाईंचा आवाज येत होता, राणीच्या मरणाबद्दल, त्यातल्या शांततेबद्दल. मध्येच कुणीतरी नाक शिंकरलं.

"अर्धा शब्द खातेय," तो पुटपुटला, आणि बशी तोंडाला लावून फुर्रकन घोट घेतला.